सातवा सेल

नवतप्याच्या चौथ्या दिवशी, नागपूरहून निघून
पारशिवनी मागं टाकत
चिंचखोऱ्याच्या वनचौकीत पोचलो तेव्हा
पिशवीतल्या हायड्रोमीटरची काचही तापली होती.
तो हेडाऊंचा. गोळीबार चौकातला माग विकून
त्यांनी बॅटरीचं दुकान टाकलं
आणि शेवटपर्यंत सेलच्या रांगेला ताणाच म्हणत राहिले:
"एक धागा तुटला का बाकीच्यायवर ओढ येते, बाबू.
तुटलेला गप्प असते. ओरडते ते दुसरेच."

वनरक्षक दमयंती मरसकोल्हे. तिनं आधी वही पुढे केली.
वहीत पावलांचे ठसे, वणवे, पाणवठ्याची खोली,
आणि समासात पेन्सिलीनं:
दिवा गेला ९.४०
दिवा गेला ८.५५
दिवा गेला ७.५०, वायरलेस पण
इतकी चांगली तपासणी शहरात मला कोणी करून देत नाही.

बारा सेल, दोन-दोन व्होल्टचे, सागाच्या फळीवर.
टर्मिनलवर मोरचुदाच्या रंगाची फुली.
खायच्या सोड्यानं धुतली. फेस आला, बसला.
मीटर लावला: पंचवीस पूर्णांक एक.
"म्हणजे बरी आहे?"
नाही ताई. भर उन्हात, पॅनल जोडलेले असताना
कोणीही तरतरीत दिसतं.

पॅनल सोडवले. तासभर सावलीत बसलो,
तिनं अंबाडीचं सरबत दिलं.
मग पंखा, दोन बल्ब, वायरलेस, सगळं एकदम सुरू केलं
आणि एकेका सेलवर काटे टेकवत गेलो.
एक पूर्णांक शहाण्णव. पंच्याण्णव. शहाण्णव.
सातवा:
शून्य पूर्णांक चार.

झाकण काढून नळीत आम्ल ओढलं.
बाकीचे बाराशे वीसच्या आसपास
(उन्हात तरंगता दहा-बारा घरं खाली बोलतो,
तेवढं त्याचं त्याला द्यायचं).
सातव्यात तो तरंगलाच नाही.

यात पाणी कोणतं टाकलं होतं?

पंखा थोडा वेळ एकटाच बोलत राहिला.
मग ती म्हणाली, मार्चात तीन बाजूंनी आग होती.
डिस्टिल्डचा डबा रिकामा. याच्या प्लेटा उघड्या पडलेल्या.
आणि वायरलेस बंद पडून चाललं नसतं.
"माठातलं टाकलं जी, दुपट्ट्यानं गाळून.
तेवढंच होतं. मी रात्री तशीच झोपली.
चुकलं का?"

बोअरचे क्षार, लोह, सगळं तोंडाशी आलं.
हेडाऊ असते तर बोलून मोकळे झाले असते.
मी म्हटलं, सात वर्षांची बॅटरी आहे.

सातव्याला वगळून सहाव्याची तार आठव्याला दिली.
यात एकटा नवा सेल घालून भागत नाही,
जुन्या अकरांमध्ये तो वर्षभरात त्यांच्या वयाचा होतो.
चार्जरला समजावलं, आता सव्वीस पूर्णांक चारला थांब,
अठ्ठावीसचा हट्ट सोड.
उरलेल्यांना संध्याकाळपर्यंत मंद बुडबुडे येऊ दिले.
पंखा की वायरलेस, तिला विचारलं,
नवा संच मंजूर होईतो दोन्ही नाही चालायचं.
माझं वाक्य संपायच्या आत
तिनं पंख्याचा प्लग काढून खिळ्याला अडकवला होता.

दहा लिटरचा डबा ठेवला, त्यावर खडूनं लिहिलं:
हे पिऊ नका.
माठावर काही लिहिलं नाही.

अहवालात कारण: वयोमान.

सातवा पोत्यात गुंडाळून गाडीला बांधला.
मनसरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा दिसलं,
पॅन्टला गुडघ्याशी रुपयाएवढं भोक,
कडा खाल्लेल्या.

आठवड्यानं वहीचा फोटो आला.
टेकडीवर चढून पाठवला असणार,
चौकीत रेंज नाही.
समासात, पेन्सिलीनं:
१०.२०. दिवा गेला नाही.
मी मालवला.